तळपायाची आग

आमच्या विहिरीवरून पाट निघतो, त्याच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. माझा धाकटा मुलगा लहानपणी चैत्र-वैशाखात त्या दगडावर बसून पाण्यात पाय सोडायचा, तो तास-दीड तास उठायचा नाही. कांद्याच्या काढणीची ती धांदल. बायका वावरात कांदा काटायला बसलेल्या, चाकणच्या बाजाराला गाडी लावायची घाई, आणि हा आपला पाय बुडवून बसलेला. मी हाक मारायची, "अरे, पोत्याचं तोंड तरी धर!" तो तिथूनच म्हणायचा, "आई, पाय भाजतात." ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. एकदा तर त्याला पाटातून ओढून काढून मी चांगले दोन धपाटे घातले होते. २००५ साल, तो आठ वर्षांचा होता. ज्याच्या तळपायाला खरोखरीची आग होती त्याच्यावरच मी संतापत होते, हे कळायला पुढे चौदा वर्षे जावी लागली.

आमचे गाव खेड तालुक्यात, चाकणपासून थोडे आत, भामा नदीच्या अंगाला. काही जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, राहिलेल्या जमिनीत कांदा, बाजरी आणि भुईमूग होतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई, मुलगी आणि हा मुलगा.

पाय भाजतात म्हटल्यावर आम्ही काही केले नाही असे नाही. सासूबाई रात्री काशाच्या वाटीने त्याचे तळवे तूप लावून घासायच्या. वाटी काळी पडली की म्हणायच्या, "बघ, किती उष्णता निघाली." मेंदी लावून झाली, वाळ्याचे पाणी झाले, सब्जा झाला. गावातल्या डॉक्टरांनी शक्तीची इंजेक्शने दिली. दुसरे म्हणाले, वाढीचे वय आहे, हाडे दुखतात. तिसऱ्यांनी सांधेवाताची तपासणी केली, तीत काही निघाले नाही. काही निघाले नाही म्हणजे काही झालेले नाही, असा आम्ही सगळ्यांनी अर्थ काढला. ताप आला की मात्र तो हातापायाचे तळवे भिंतीला टेकवून रडायचा. विचारले तर सांगायचा, मिरचीची पूड चोळल्यासारखे होते. दोन-तीन दिवसांनी ताप उतरला की दुखणेही उतरायचे, आणि आमचा संशय परत चढायचा.

आणखी एक गोष्ट होती. त्याला घाम येत नसे. सासूबाईंना त्याचे कौतुक. "राजाचं अंग आहे पोराचं," म्हणायच्या. मी कपडे धुणारी. बापाच्या सदऱ्याला मिठाचे पांढरे डाग आणि ह्याचा सदरा आठवडाभर वापरला तरी कोरा, हे मला दिसत होते. पण त्याचा काही अर्थ असेल असे मनात आले नाही. माठ पाझरतो म्हणून त्यातले पाणी गार राहते. पाझर बंद झालेला माठ नुसता उन्हात तापतो, हे आपल्या घरातल्या पोरीबाळींनाही ठाऊक असते. माझ्या पोराचा माठ पाझरत नव्हता. शाळेत कवायतीला उभे केले की तो चक्कर येऊन पडायचा. मास्तर म्हणायचे, नाटकी आहे.

आयटीआय झाल्यावर २०१७ साली तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. काम भट्टीजवळचे. घरात पगार येऊ लागला म्हणून आम्ही खूश, आणि तो दर पाळीनंतर घरी येऊन न्हाणीत पायांवर पाण्याच्या बादल्या ओतत बसायचा. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या परस्पर आणून खायचा, हे मला नंतर कळले. २०१९ च्या मे महिन्यात दुसऱ्या पाळीत तो भट्टीपुढे कोसळला. सुपरवायझर म्हणाला, काम टाळायला पडतो. त्याच्या बोलण्याचा राग धरावा इतका मला हक्क नव्हता. मीही तेच म्हणत आले होते.

पिंपरीच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याला भरती केले. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, कातडीच्या विभागातल्या. त्यांना बोलावले होते अंगावरच्या एका पुरळासाठी, पण त्यांनी त्याला कमरेपर्यंत तपासले. बेंबीच्या भोवती, कमरेवर, मांड्यांवर मोहरीएवढे काळपट लाल ठिपके होते. खाजत नव्हते, दुखत नव्हते. वयात आल्यापासून होते. लाजेने त्याने कुणाला दाखवले नव्हते, आणि मोठ्या झालेल्या मुलाचे अंग आई कुठे बघते? बाईंनी ठिपके बोटाने दाबून पाहिले. मग विचारले, "घाम येतो का?" नंतर, "हातपाय भाजतात?" आणि मग माझ्याकडे वळून तिसरा प्रश्न केला, "याला मामा आहेत का?"

माझे हातपाय गार पडले. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, १९९६ साली गेला. वय ४१. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. माळकरी माणूस, सुपारीचे खांडही तोंडात टाकत नसे; तरी लोक म्हणाले, चोरून पीत असणार. कुणी करणी म्हटले. दादा उन्हाळ्यात ओल्या गोणपाटावर पाय ठेवून झोपायचा, हे मला त्या खाटेपाशी उभी असताना आठवले. माझ्या मुलाने मामाला पाहिलेलेही नव्हते. तो त्याच्या पुढच्या वर्षी जन्मला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिले. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात भोवऱ्यासारख्या बारीक रेघा होत्या. नजरेला त्यांचा त्रास नसतो, पण जाणत्याला ती खूण पुरते. मग रक्ताचे थेंब एका जाड कागदावर वाळवून तपासणीला गेले. तीन आठवड्यांनी नाव कळले: फाब्रीचा आजार.

नाव एका जर्मन डॉक्टरचे आहे. १८९८ साली जर्मनीत योहानेस फाब्री आणि इंग्लंडात विल्यम अँडरसन अशा दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, अंगावर असे ठिपके असलेले रोगी पाहून लिहून ठेवले. फाब्रींचा रोगी १३ वर्षांचा मुलगा होता. ठिपके का उठतात याचे खरे कारण कळायला मात्र १९६७ साल उजाडले. अमेरिकेत रोस्को ब्रॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या लोकांच्या शरीरात एक रस, ज्याला एन्झाइम म्हणतात, तो पुरेसा तयार होत नाही. त्याचे नाव अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए.

आता हे मला जसे समजले तसे सांगते. आपल्या शरीरात जुन्या पेशी रोज मोडतात. त्यांतल्या एका प्रकारच्या चरबीचे तुकडे करायचे काम या रसाचे. रस नसला की ती चरबी जागच्या जागी साठत जाते, आणि तिचा पहिला मुक्काम केसापेक्षा बारीक अशा रक्तवाहिन्यांत. डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, "तुमच्याकडे ठिबक आहे ना?" आहे, कांद्याला नाही, पण डाळिंबाच्या चार ओळींना आहे. त्या म्हणाल्या, "मोटर चालू, मोठी पाइपलाइन चांगली, आणि ड्रिपरमध्ये क्षार बसले तर काय होतं?" मी म्हटले, शेवटची झाडे वाळतात. "तसंच," त्या म्हणाल्या. "मोठ्या शिरा तपासल्या तर चांगल्या दिसतात. बिघाड टोकाला असतो."

हा दाखला मला पटला, पण पुरता लागू होत नाही, हेही त्यांनीच सांगितले. ठिबकमध्ये क्षार बाहेरच्या पाण्यातून येतो आणि भोक बुजवतो. इथे चरबी ज्याची त्याच्याच शरीरातली असते, आणि ती नळीच्या आत बुचासारखी न बसता नळीच्या भिंतीत, भिंतीच्या पेशींत भरते. भिंत जाड होते, कुठे कमजोर होऊन फुगते. कातडीतली अशी फुगलेली वाहिनी म्हणजेच तो लाल ठिपका. बारीक मज्जातंतूंत चरबी साठली आणि त्यांचा रक्तपुरवठा तुटला की हातापायांची आग होते. घामाच्या ग्रंथींत शिरली की घाम आटतो. मूत्रपिंड म्हणजे तर बारीक वाहिन्यांच्या गुंडाळ्याच. तिथे भिंत बिघडली की लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि तिशी-चाळिशीत मूत्रपिंड हात टेकते. हृदयाच्या भिंती जाड होतात. मेंदूतली वाहिनी बुजली तर तरुणपणीच अर्धांगवायू होऊ शकतो. हे सगळे सावकाश, वर्षानुवर्षे, बाहेर काही न दिसता चाललेले असते. पोर ओरडत असते तेव्हा दाखवायला जखम नसते.

ही चरबी खाण्यातून येत नाही. तरी घरी आल्या आल्या सासूबाईंनी त्याचे तूप बंद केले होते, ते मी पुन्हा सुरू केले.

एक सांगून ठेवते, नाहीतर वाचून कुणी घाबरायचे. पाय भाजणे हे गावात दहा घरी असते, आणि ते बहुतेक वेळा साखरेच्या विकारामुळे किंवा जीवनसत्त्व बी-१२ कमी असल्यामुळे असते. फाब्रीचा आजार हजारो माणसांत एखाद्याला. ४० हजार पुरुषांत एक असा एक अंदाज सांगतात. पण लहानपणापासून आग, घाम नाही, कमरेला ठिपके, आणि आईच्या माहेरी कुणी तरणाताठा माणूस मूत्रपिंडाने, हृदयाने किंवा अर्धांगवायूने गेलेला, असे सगळे एका ओळीत आले तर डॉक्टरांना ती ओळ सगळी वाचून दाखवावी. आम्ही दर वेळी एकच शब्द सांगत होतो.

त्याच दिवशी एका बाईंनी आम्हाला बसवून कागदावर आमची वंशवेल काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माझी आई लकव्याने गेली, तिथून सुरुवात केली. दोष ज्या गुणसूत्रावर असतो त्याला एक्स म्हणतात. बाईकडे ती दोन असतात, पुरुषाकडे एकच. दोष असलेल्या बाईकडून तो प्रत्येक मुलाला किंवा मुलीला जाण्याची शक्यता निम्मी. आईकडून दादाला आला, मलाही आला. माझ्याकडून मुलाला आला. मुलीला आला नाही, तपासणीत ती सुटली. "सुटली" हा शब्द मी मोठ्याने बोलले आणि मुलाकडे बघून जीभ चावली.

बायकांचे एक वेगळे आहे. दुसरे एक्स चांगले असल्याने कुणाला काही होत नाही, कुणाला थोडे होते, कुणाला पुरुषाइतकेच होते. त्यांच्या रक्तात रसाचे प्रमाण बरोबर दिसले तरी दोष असू शकतो, म्हणून जनुकाची तपासणी करावी लागते. माझी केली. लघवीतून प्रथिने जात होती. आणि बाईंनी विचारले, "तुमचे पाय भाजत नव्हते कधी?" भाजत होते की! लहानपणी ताप आला की भाजायचे, पहिल्या बाळंतपणात भाजले. पण पाय भाजतात हे बाईमाणसाने कुणाला सांगायचे? मी इतकी वर्षे मुलाला जे बोलत होते तेच आधी स्वतःला बोलून गप्प केले होते.

मग त्या बाईंनी पेन्सिल दादाच्या चौकोनावर नेली. पुरुषाकडे एक्स एकच, आणि तो ते मुलीलाच देतो, मुलाला देत नाही. म्हणजे मुलगा असता तर बापाकडून त्याला हा दोष आलाच नसता. आणि मुली सगळ्याच्या सगळ्या. दादाला तीन मुली. तिन्ही गोल पेन्सिलीने निम्मे काळे करत त्या म्हणाल्या, "यांना कळवायला हवं."

तिघींची लग्ने झालेली, तिघींना मुले. मी आधी वहिनीकडे गेले. वहिनीने दादाच्या मागे तीन मुली एकटीने उजवल्या, दुसऱ्याच्या वावरात खुरपून. तिने सगळे ऐकून घेतले, चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "वन्सं, त्यांच्या बापाला लोकांनी दारुड्या म्हटलं, ते मी पुसत आले. आता पोरींच्या सासरी जाऊन सांगणार, की ह्यांच्या रक्तात खोट आहे? तीन घरं मोडायला निघालात का?"

मी परत आले. लगेच पुढच्या वर्षी करोना आला, वाटा बंद झाल्या, आणि खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. न जाण्याला कारण मिळाले. घरात माझ्या माणसाने दोनदा विषय काढला. मी म्हटले, वहिनी आई आहे त्यांची, तिला कळतंय. मुलाच्या गोळ्या चालू झाल्या होत्या. मज्जातंतूंच्या दुखण्याला फिटवर देतात त्या जातीचे औषध, मूत्रपिंड जपायला रक्तदाबाची गोळी. मेडिकलमधल्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला वाईट म्हणून बंद. भट्टीचे काम सुटले. एका गोदामात हिशेबाचे काम मिळाले. आमचे ठीक चालले होते.

२०२२ च्या मे महिन्यात शिरूरच्या बाजूला आमच्यातलेच एक लग्न होते. दुपारी बाराचा मुहूर्त. पंगती चालू होत्या. मी हात धुवायला मांडवामागे गेले, तर जनावरांच्या हौदाच्या काठावर एक पोर बसलेले. नवी पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, दोन्ही पाय पाण्यात. मधल्या भाचीचा मुलगा. सात वर्षांचा. त्याची आजी मांडवातून ओरडत होती, "लाडावलाय नुसता! सगळी पोरं खेळतायत आणि हा बघा."

मी त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारले, "पाय भाजतात का रे?" त्याने आधी आजीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मान हलवली. त्याच्या कपाळाला मी हात लावला. मे महिन्याची दुपार, आणि कपाळ कोरडे ठणठणीत.

भाचीला बाजूला घेतले, जिथे आचारी भांडी घासत होते तिथे, म्हणजे भांड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जाऊ नये. सगळे सांगितले. दादाचे, माझे, कागदावरच्या चौकोन-गोलांचे. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "आत्या, तुला कधीपासून ठाऊक होतं?"

मी म्हटले, "तीन वर्षं."

ती पदर खोचून पंगत वाढायला निघून गेली. निघताना मी पाया पडायला आलेल्या तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिने ठेवू दिला, पण वर पाहिले नाही.

आठ दिवसांनी जावयाचा फोन आला. कुठल्या डॉक्टरीणबाई, कुठल्या वारी असतात, सोबत काय कागद लागतात. माणूस दुधाच्या गाडीवर आहे, शिक्षण बारावी. त्याने रजा काढून मुलाला आणले. नातवाचा दोष सुनेच्या माहेरचा, हे विहीणबाई बोलल्याच. जावई म्हणाला, "आई, आपल्या घरातली साखर तुझ्या माहेरची, ती आम्ही कधी काढली का?" हे मला भाचीने नंतर सांगितले, तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी हसली.

मुलाचा रस कमी निघाला. लघवी मात्र स्वच्छ, हृदय स्वच्छ. सातव्या वर्षी कळल्याचा हा फायदा. या आजारावर उणा असलेला रसच बाहेरून द्यायची सोय आहे. युरोपात २००१ सालापासून ते औषध मिळते. दर पंधरा दिवसांनी शिरेतून, जन्मभर. ते कारखान्यात मोठ्या पिंपांत जिवंत पेशी वाढवून करतात. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, तिथे पेनिसिलीन बुरशीपासून करतात, हे वडील आम्हाला नवलाने सांगायचे, त्याची आठवण झाली. पण किंमत ऐकून नवल राहत नाही. औषध वजनावर लागते आणि मोठ्या माणसाचा वर्षाचा खर्च कोटीच्या घरात जाऊ शकतो. काहींना, त्यांचा जनुकातला दोष ठरावीक जातीचा असेल तर, गोळीही चालते.

केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मिळ आजारांचे धोरण केले. २०२२ साली मदतीची मर्यादा एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत नेली. ती ठरवून दिलेल्या केंद्रांतूनच मिळते, आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यांतले एक. फाब्रीचा आजार यादीत आहे, पण अवयवांचे मोठे नुकसान होण्याआधी निदान झालेले असावे लागते. जन्मभराच्या औषधाला ५० लाख पुरत नाहीत, हे कुणालाही कळेल. तरी दादाच्या वेळी नावसुद्धा नव्हते. दोन्ही मुलांचे कागद आम्ही एकाच पिशवीत घालून नेतो, मामे-आत्येच्या नात्यातले हे दोघे, एक मोठा आणि एक एवढासा. रांगेत माझा मुलगा त्याला मोबाइलवर क्रिकेट दाखवतो.

शाळेच्या मुख्याध्यापकांना जावयाने डॉक्टरांची चिठ्ठी दिली. उन्हात कवायत नाही, बाटली जवळ, मागेल तेव्हा पाण्यात पाय. विहीणबाईंनी न्हाणीत त्याच्यासाठी एक वेगळे घमेले ठेवले आहे. कुणी त्यात कपडे भिजवले तर त्या ओरडतात.

धाकटी भाची स्वतःहून आली. तिला दोन मुली, दोघींची तपासणी व्हायची आहे. थोरली आलेली नाही. तिच्या सासरी अजून सांगितलेले नाही, वहिनीनेही तिकडे जाऊ नका म्हटले आहे. तिचा मुलगा दहावीला आहे. मी दर फोनला विचारते, त्याला घाम येतो का ग. ती म्हणते, येतो आत्या, चांगला येतो. दिवाळीला ती माहेरी येणार आहे, पोराला घेऊन. मी वहिनीला सांगितले आहे की पाडव्याला मी तिकडे जेवायला येईन, आणि आंघोळीआधी येईन.